दाराशीं आलेल्यास काय सांगावें?

घराची खरी रीत लग्नकार्यांत दिसत नाहीं. अडचणीच्या दिवशीं दाराशीं आलेल्या मनुष्यास काय सांगितलें जातें, यावरून ती दिसते. आमच्या जुन्या वाड्यांत हें काम आत्याबाईंकडे होतें. त्या ओटीवर वाती वळीत बसत आणि दाराची कडी वाजली कीं प्रथम त्यांचाच आवाज बाहेर जाई. "या नांवाचं इथं कोणी राहत नाही." "त्यांनी बिऱ्हाड हलवलं, आतां नारायण पेठेंत असतात." "आहेत, पण पूजेला बसलेत. आतां भेटायचे नाहीत." "आज आमच्याच घरांत अडचण आहे हो, उद्यां या." असे त्यांचे चारपांच ठराविक जबाब असत. जबाब थोडे, परंतु एकाच्या जागीं दुसरा दिला गेल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आलेला मनुष्य परत जाई तो पुढें काय करावयाचें हें समजून जाई.

आत्याबाईंना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं, वाड्याच्या जागीं चार मजली इमारत उभी राहिली, आणि आमचा चरितार्थ संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यावर चालतो. तरी त्या जबाबांची आठवण आम्हांस २०२३ सालच्या उन्हाळ्यानंतर अशा प्रकारें झाली कीं ती हकीकत लिहून काढल्याखेरीज मनास स्वस्थता नाहीं.

गरजू विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठीं बिनव्याजी कर्ज देणारा एक लहानसा निधि आहे. त्याचें संकेतस्थळ आम्हीं विनावेतन बांधून दिलें होतें. त्यासाठीं जी चौकट वापरली तिचें नांव जँगो. अमेरिकेंत कॅन्सस राज्यांतील लॉरेन्स या गांवीं एका वृत्तपत्राच्या कचेरींत ती जन्मास आली व २००५ सालीं सर्वांसाठीं खुली झाली. अशी चौकट म्हणजे निम्मीशिम्मी तयार इमारत. खोल्यांची मांडणी तेवढी आपण करावयाची. आज्ञावलींत कोठें कांहीं बिघडलें कीं तो बिघाड 'अपवाद' म्हणून वर उसळतो, आणि त्यानें पाहुण्यासमोर कोणत्या पृष्ठाच्या व कोणत्या आंकड्याच्या वेषांत जावें, हें ठरविण्याची जागा चौकटींत राखलेली असते. मागितलेली वस्तु नसल्यास ४०४ चें पृष्ठ, परवानगी नसल्यास ४०३ चें, मागणीच संशयास्पद असल्यास ४०० चें. आणि ज्या अपवादाची कोणींच वास्तपुस्त घेतली नाहीं, त्या प्रत्येकासाठीं ५०० चें.

हे आंकडे मनास येतील तसे घातलेले नाहींत. संकेतस्थळ व ब्राउझर यांनीं एकमेकांशीं कसें बोलावें याचे एचटीटीपी नांवाचे नियम १९९६ सालीं लिहून प्रसिद्ध झाले, त्यांत ही वांटणी आहे. २०२२ सालीं ते नियम पुन्हां नीट लिहिले गेले तेव्हांही ती तशीच राहिली. चारशेंचा वर्ग म्हणजे मागणाऱ्याकडून झालेली चूक, पांचशेंचा वर्ग म्हणजे देणाऱ्याच्या घरांतला दोष. पहिला अंक हा एका परीनें निवाडाच असतो.

आतां आमची चूक सांगतों. अर्जदारानें आपला अर्जक्रमांक भरला म्हणजे त्याचा अर्ध्यावर राहिलेला अर्ज उघडावा, अशी सोय होती. कोणी भलताच क्रमांक भरला तर नोंद सापडत नसे, अपवाद उसळे आणि ५०० चें ओबडधोबड पृष्ठ पुढें येई. हें गैर होतें. तेथें ४०४ हेंच योग्य उत्तर. 'नोंद नाहीं' एवढाच एक अपवाद ४०४ शीं जोडला असता तर काम संपलें असतें. परंतु एके रात्रीं आम्हीं त्या ठिकाणीं 'कोणताही अपवाद आला तरी ४०४' अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून टाकल्या. आळस तर होताच. पण खरें सांगावयाचें तर अभिमानही होता. आपल्या हातच्या कामावर ५०० चा डाग कोणास दिसूं नये, असें मनांत कोठें तरी होतें. ४०४ चें पृष्ठ मात्र आम्हीं मोठें सुबक केलें होतें. त्यावर लिहिलें होतें, 'आपण मागितलेला अर्ज अस्तित्वांत नाहीं. कृपया आपला क्रमांक तपासून पाहावा.'

३१ जुलै हा अर्जांचा शेवटचा दिवस. आपल्याकडील रीतीस अनुसरून बरीच मंडळी त्याच संध्याकाळीं आली. नोंदी ठेवणारा डेटाबेस पोस्टग्रेस जातीचा. एका वेळीं शंभर जोडण्या ही त्याची मूळची मर्यादा आम्हीं कधीं बदलली नव्हती, आणि आमच्या मांडणींतील दोषामुळें काम झालेल्या जोडण्याही लवकर सुटत नसत. सातच्या सुमारास शंभर भरल्या व पुढील प्रत्येक मागणीस डेटाबेस नकार देऊं लागला. हा उघड उघड आमच्या घरचा दोष. पण आमच्या दोन ओळींनीं त्यास वाटेंतच धरलें, ४०४ चा अंगरखा चढविला आणि बाहेर पाठविलें. ज्यांचे क्रमांक अगदीं बरोबर होते त्या मुलांना आम्ही सांगत राहिलों कीं तुमचा अर्ज अस्तित्वांतच नाहीं.

त्याहून वाईट असें कीं आम्हांस याचा पत्ता नव्हता. ५०० घडलें म्हणजे जँगो आपण नेमलेल्या व्यवस्थापकास ईमेल पाठवितो. ४०४ साठीं, मुद्दाम तशी व्यवस्था केल्याखेरीज, पाठवीत नाहीं. आणि तें रास्तच आहे, कारण लोकांनीं पत्ते चुकविणें हें रोजचेंच. त्या रात्रीं आम्ही सर्वांबरोबर पंक्तीस बसलों आणि शेवटचा दिवस निर्विघ्न पार पडला अशा समाधानांत निजलों.

तिसऱ्या दिवशीं निधीच्या कचेरींतून एक दूरध्वनि आमच्याकडे जोडून देण्यांत आला. सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांतला मुलगा बोलत होता. "सर, नंबर मीच चुकीचा लिहून घेतला असणार. अकरा वेळा टाकून बघितला. मग वाटलं, अर्ज माझ्याच्यानं नीट भरला गेला नसेल. पण एकदा विचारून घ्यावं म्हटलं." त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती, आणि तेंच आम्हांस सहन होईना. तो रागावला असता तर आम्हीं क्षमा मागितली असती. पण तो स्वतःच आमची क्षमा मागत होता.

चिटणीसांनीं मुदत आठ दिवस वाढविली व ज्यांचे ईमेल हातीं होते त्यांस कळविलें. त्या मुलाचा अर्ज पोंचला व पुढें त्यास कर्जही मिळालें. आम्ही मात्र सर्व्हरची नोंदवही उघडून बसलों. त्या संध्याकाळच्या ४०४ च्या ओळी शेंकड्यांनीं होत्या. भरलेला क्रमांक नोंदवहींत उतरत नसे; त्यामुळें खरोखर चुकलेले कोण आणि आम्हीं चुकीचे ठरविलेले कोण, हें निवडण्यास मार्गच नव्हता. दोष नोंदला गेला होता, पण तो पाहुण्यांच्या खात्यावर. कांहीं मुलें परतलीं, कांहीं परतलीं नाहींत. न परतलेल्यांनीं आपण होऊन विचार बदलला कीं आमच्या सुबक पृष्ठानें त्यांस दारांतूनच लावून दिलें, हें सांगण्याचें साधन आमच्यापाशीं उरलें नाहीं.

रात्रीं जेवतांना ही हकीकत घरांत सांगितली, तेव्हां आमची बारा वर्षांची पुतणी म्हणाली, "म्हणजे काका, बिघडलं होतं तुमचं आणि चुकले ते?" पंक्तींत कोणी हंसलें नाहीं. वहिनींनीं मुकाट्यानें भात वाढला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या दोन ओळी काढल्या. 'नोंद नाहीं' हा एकच अपवाद ४०४ शीं जोडला. डेटाबेसची जोडणी न मिळण्याच्या अपवादास ५०३ चें वेगळें पृष्ठ दिलें. आत्याबाईंचें 'उद्यां या' तें हेंच, आणि किती वेळानें यावें हें सांगण्याचीही नियमांत सोय आहे. बाकीचे अपवाद आम्हीं अडविले नाहींत. ते ५०० पर्यंत जाऊं दिले. त्या पृष्ठावर लिहिलें, 'दोष आमच्याकडे घडला आहे. आपल्या हातून कांहीं चुकलें असें समजूं नये. खालील क्रमांकावर कळवावें. अर्ज मुदतींत आला असें धरलें जाईल.' हें शेवटचें वाक्य चिटणीसांस विचारून घातलें, कारण तें पाळावयाचें त्यांना होतें.

मग डेटाबेस मुद्दाम बंद करून आम्ही परक्याप्रमाणें दाराशीं गेलों. समोर आलें तें केवळ कोरडें, इंग्रजी, सर्व्हरचें उत्तर. आमचें एक अक्षरही त्यांत नव्हतें! शोध करितां उमगलें कीं नव्या पृष्ठाच्या माथ्यावर निधीच्या ताज्या सूचना दाखविण्याची हौस आम्हीं केली होती, आणि त्या सूचना त्याच बंद डेटाबेसांतून यावयाच्या होत्या. दिलगिरी सांगावयास निघालेला मनुष्य उंबऱ्यांतच अडखळला. जँगोची मूळ रीत अशी कीं ५०० च्या पृष्ठास बाहेरची कोणतीही माहिती पुरविली जात नाहीं, म्हणजे चुकीच्या पोटीं दुसरी चूक होण्याचा संभव कमी राहतो. ती रीत आम्हीं शहाणपणानें मोडली होती. ती मुकाट्यानें पुन्हां पाळूं लागलों.

कोणी म्हणेल, मग दारांत सारेंच खरें सांगून टाकावें. तेंही नव्हे. आज्ञावली लिहितांना स्वतःसाठीं जें तपशिलाचें पृष्ठ उघडतें, त्यांत कोणत्या फाइलींत, कितव्या ओळीवर, कशाचें काय मूल्य असतां बिघाड झाला, हें सर्व असतें. तें परक्यापुढें ठेवणें म्हणजे घरचें भांडण रस्त्यावर आणणें, आणि चोरास वाट दाखविणेंही. एखादी वस्तु आहे हेंच उघड करावयाचें नसेल तर ४०३ ऐवजीं ४०४ द्यावें, अशी मुभा नियमांतच दिलेली आहे. आत्याबाईही घरांत आजारी कोण, देणें किती, हें दारांत बोलत नसत. परंतु स्वतःच्या घरची अडचण त्यांनीं आलेल्याच्या माथीं कधीं मारली नाहीं.

आतां दर वर्षीं जुलै लागण्यापूर्वीं एक संध्याकाळ आम्ही या कामासाठीं राखून ठेवितों. डेटाबेस बंद करावयाचा, पुतणीस शेजारीं बसवावयाचें आणि तिच्या हातून एक बरोबर क्रमांक भरावयाचा. जें पृष्ठ येईल तें ती मोठ्यानें वाचते व विचारते, "यांत चूक कोणाची म्हटली आहे?" तिला उत्तर पटलें म्हणजे मगच आम्ही डेटाबेस सुरू करून जेवावयास उठतों.