सगळे राग बिलावल

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा गाण्याच्या मध्यमा परीक्षेची तयारी करतोय. त्याला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीनरीडर वापरतो आणि तो इतक्या वेगानं ऐकतो की मला एक शब्द कळत नाही. एकदा म्हणाला, "दादा, ही भैरवीची फाइल बघ ना. मला तर बिलावल ऐकू येतोय."

फाइल चोख होती. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर. टाइप करणाऱ्यानं आडव्या रेघेसाठी वर्डमधली अंडरलाइन वापरली होती, आणि ती स्क्रीनरीडर आपणहून बोलत नाही. रेघा गेल्या की भैरवी काय, यमन काय, तोडी काय, सगळे स्वर शुद्ध. भातखंड्यांचे दहा थाट, उरला एक!

लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा. त्यानं सहा टिंबांत संगीतही बसवलं, पण पाश्चात्त्य पद्धतीचं.

मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. रेघ दिसली की 'कोमल ग' असा मजकूर. त्यानं दोन ओळी ऐकल्या. "ही तर यादी झाली रे. लय कुठंय?" मग त्यानंच एकेका अक्षराची नावं पाडली: कोमल रे म्हणजे रि, कोमल ग म्हणजे गि, ध चा धि, नी चा नु, तीव्र म चा मी. तालासाठी सोळा रकान्यांचा तक्ता केला. बाणाच्या कळांनी फिरताना स्क्रीनरीडर रकान्याचा आकडा सांगतो, म्हणजे तीनतालाची मात्रा आयतीच कळते. नववा रकाना आला की खाली.

"गाणं कानानंच शिकायचं, याला नोटेशन कशाला?" असं ऐकवणारे भेटतातच. डोळस पोरांना मात्र वही घ्यायला लावतात! पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली होती. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या त्याच माणसानं स्वतःची स्वरलिपी बनवली. कायद्याचीही आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी अशा प्रती करू देतो.

आता तो कणस्वरावर अडलाय. छापील पुस्तकात कण म्हणजे मुख्य स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षर. ते आधी बोलावं की हळू आवाजात, यावर आमचं अजून जमलेलं नाही. काल रात्री टँकरच्या घरघरीत त्यानं मला एकच कण अकरा वेळा गाऊन दाखवला.