शिकागोच्या हिरवळीवरील एक सायंकाळ

शिकागो हें नांव आम्हीं प्रथम ऐकलें तें शाळकरी वयांत, स्वामी विवेकानंदांच्या चरित्रांत. पुढें शिक्षकी पेशांत १८९३ सालची ती सर्वधर्मपरिषद आम्हीं मुलांना किती वेळां रंगवून सांगितली असेल याची गणती नाहीं. परंतु तें नगर डोळ्यांनीं पाहण्याचा योग वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, चिरंजिवांच्या नोकरीमुळें आला. त्यांचें बिऱ्हाड शहराच्या पश्चिमेस नेपरव्हिल या गांवीं आहे. तेथून आगगाडीनें युनियन स्थानकावर उतरावें, शिकागो नदी ओलांडावी आणि पूर्वेस सरळ चालत सुटावें, म्हणजे मिशिगन मार्ग लागतो. ज्या इमारतींत ती परिषद भरली, ती कलासंस्थेची इमारत याच मार्गावर असून दाराशीं ब्राँझचे दोन सिंह आहेत. मुंबईहून ब्राह्म समाजाच्या वतीनें गेलेले नगरकर हेहि त्या परिषदेंत बोलले होते, ही गोष्ट मात्र आम्हीं वर्गांत कधीं सांगितली नाहीं. आम्हांलाच ती फार उशिरां कळली.

परंतु आज सांगावयाचें तें सिंहांविषयीं नव्हे. त्यांच्या उत्तरेस जी विस्तीर्ण हिरवळ आहे तिच्याविषयीं. तेथें आम्हांला घेऊन गेली आमची पंधरा वर्षांची नात. त्यामागें थोडा इतिहास आहे, आणि तो आम्हांस फारसा भूषणावह नाहीं. मुलगी शाळेच्या गानवृंदांत तीन वर्षें गात आहे. पन्नास मुलेंमुली रांगांनीं उभीं राहून एकदम गातात. आम्ही येथें आल्यावर पहिल्याच आठवड्यांत कांहीं मराठी कुटुंबें जेवावयास आलीं होतीं. त्या सर्वांदेखत आम्हीं तिला विचारलें, "गर्दींत काय कोणीहि गातें, बाळ, तूं एकटी कधीं गाणार?" मुलगी कांहीं बोलली नाहीं. ताट उचलून आंत गेली. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहण्याचें टाळलें, यावरून काय समजावयाचें तें आम्ही समजलों. पुढें आठ दिवस 'आजोबा' ही हाक घरांत ऐकूं आली नाहीं. नवव्या दिवशीं ती आपण होऊन म्हणाली, "आजोबा, बुधवारी माझ्याबरोबर चला. काही विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं."

ग्रँट पार्कमधील हा संगीतोत्सव १९३५ सालीं सुरू झाला. मंदीचा काळ, वादक बेकार, आणि श्रोत्यांजवळ तिकिटाला पैसा नाहीं. तेव्हांपासूनची विनामूल्य ऐकविण्याची चाल आजहि चालू आहे. सध्याचा रंगमंच २००४ सालचा. तो फ्रँक गेहरी यांनीं योजिला आहे; माथ्यावर पोलादी पत्र्यांच्या अशा लाटा उसळल्या आहेत, कीं वावटळींत कोणाचें पागोटें सुटावें आणि तें तसेंच आकाशांत गोठून जावें. समोर ४,००० खुर्च्या, त्यांच्यामागें ७,००० माणसें मावतील एवढें गवत, आणि गवतावर नळ्यांचा जाळीदार मांडव. त्यांत ध्वनिक्षेपक टांगले असल्यामुळें शेवटच्या माणसालाहि बंदिस्त सभागृहांत बसल्याचा भास होतो. गंमत ही, कीं या उद्यानाच्या पोटांतून आगगाडीचे रूळ गेले आहेत!

त्या सायंकाळीं मोझार्टचें 'रेक्विएम' होतें. हें मृतांच्या शांतीसाठीं गावयाचें लॅटिन स्तोत्र, आणि भोंवतीं लोक चटया पसरून खुशाल खातपीत बसलेले. आम्हांला तें विपरीत वाटलें. पण श्राद्धाच्या दिवशीं आपणहि पाटावर बसतोंच, हें ध्यानांत येऊन आम्हींहि सूनबाईंनीं दिलेलें थालीपीठ सोडलें. मोझार्ट १७९१ सालीं पस्तिसाव्या वर्षीं वारला, तेव्हां हें काव्य अपुरेंच होतें. 'लाक्रिमोझा' या करुण भागाचे आठच तालखंड त्याच्या हातून उतरले होते. पुढील काम त्याचा साहाय्यक जूसमायर यानें पुरें केलें. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या पुत्रानें पुरी केली, तसेंच हें.

पुढें खुर्च्यांवर चौघे तरुण गायक बसले होते. शिकागोच्या लिरिक ऑपेरा या संस्थेनें १९७४ पासून एक गायनशाळा चालविली आहे. शेकडों उमेदवारांतून डझनभर निवडावयाचे. त्यांना उच्चार, परभाषा, अभिनय शिकवावयाचा. लहान भूमिका द्यावयाच्या, आणि एखादा मोठा गायक आजारी पडल्यास त्याची भूमिका उचलतां यावी म्हणून तीहि पाठ करून घ्यावयाची. हे चौघे तेथील. त्यांच्यामागें, वाद्यवृंदाच्याहि मागें, रांगांनीं उभा होता तो १९६२ सालीं थॉमस पेक यांनीं उभारलेला गानवृंद. हे हौशी लोक नव्हेत. गाणें हाच त्यांचा व्यवसाय. कित्येकांचे केस आमच्यासारखेच पांढरे होते.

ही मांडणी पाहून आम्ही चमकलों. आपल्याकडे बुवा पुढें बसतात आणि शिष्य मागें तंबोरा धरून. बुवांनीं श्वास घेतला कीं मागून एखादा आलाप पुरवावा, एवढीच त्याची मजल. येथें मुलें पुढें आणि जाणते मागें! प्रारंभींच सोप्रानो मुलगी एकटी गाऊं लागली. बाहेर रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत गेला. आम्हांला मुलीचीच काळजी वाटली, तिला मात्र तो ऐकूंहि आला नसावा. तिचा स्वर संपतो न संपतो तोंच मागून सगळ्या वृंदानें गाणें उचललें. पुढें ट्रोंबोनच्या पितळी हाकेमागून खर्जाचा गायक उठला, मग उरलेले तिघे एकामागून एक. 'रेक्स' म्हणजे राजा, 'मॉर्स' म्हणजे मृत्यु, 'इग्निस' म्हणजे अग्नि: अशीं संस्कृताचीं भावंडें कानांवर पडूं लागलीं, तसें स्तोत्र परकें वाटेनासें झालें. सामगायनांतहि प्रस्तोता, उद्गाता, प्रतिहर्ता आपापला भाग गातात आणि 'निधन' तिघे मिळून म्हणतात, तें आठवलें.

'लाक्रिमोझा' आलें तेव्हां चौघे खालीं बसले होते. तो भाग सर्वस्वी वृंदाचा. स्वर पायरी पायरीनें चढत गेला, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं तो कोठेंच तुटत नाहीं. एवढा दीर्घ श्वास मनुष्याला असतो तरी का? न विचारण्याचा करार मोडून आम्हीं नातीकडे पाहिलें. ती कानाशीं येऊन म्हणाली, "सगळे एकदम श्वास घेत नाहीत, आजोबा. शेजारचा घेतो तेव्हा आपण गायचं. आपण घेतो तेव्हा तो गातो. कुणी कधी घेतला ते ऐकू आलं तर चूक." आम्हीं पुढें पाहिलें. ती सोप्रानो मुलगी, जिचें त्या भागांत कांहीं काम नव्हतें, मिटल्या ओठांनीं मागच्यांबरोबर मान हलवीत होती.

आठ वाजतां देखील तेथें उजेड असतो. परतीच्या गाडींत बराच वेळ आम्ही दोघें गप्प होतों. मग आम्हीं विचारलें, "तुझी रांग कोणती?"

"दुसरी. डावीकडून चौथी. माझ्या शेजारची मुलगी वरच्या स्वराच्या आधी श्वास घेते, म्हणून मी तिथे घेत नाही."

त्यांच्या शाळेचा कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत आहे. आमचें परतीचें तिकीट नोव्हेंबरचें होतें. तें चिरंजिवांना सांगून पुढें ढकलविलें आहे.