नागमोडी पाते

२०२३ च्या डिसेंबरात धाकटा मुलगा न्यू जर्सीहून सहकुटुंब इंदूरला आला, तेव्हा नातवाच्या पिशवीत ‘रफल्स’चे एक भले मोठे पुडके होते. फाल्गुन लागला की जिथे गच्च्या बटाट्याच्या चकत्यांनी पांढऱ्या होतात, त्या माळव्यात अकरा वर्षांच्या मुलाने सातासमुद्रांपलीकडून चिप्स आणावेत, याचे मला हसू आले. (आम्ही इंदूरकर ‘चिप्स’च म्हणतो, पुण्याच्या नणंदबाई दर खेपेस ‘वेफर्स’ अशी दुरुस्ती करतात.)

फ्रिटो कंपनीने हे नाव १९५८ मध्ये विकत घेतले, १९६१ मध्ये ती ‘ले’ कंपनीशी एक झाली आणि १९६५ मध्ये दोघी पेप्सीत मिळाल्या, ही सनावळी मुलाने ऐकवली. नातवाला महत्त्व चकतीवरच्या लाटांचे. सपाट चकती दाट दह्यात बुडवली की मोडते, ही मोडत नाही, हे त्याने करून दाखवले. पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या दिवशी मोक्षदा एकादशी होती. “पणजीला चालेल का?” त्याने विचारले. पुडक्यावर घटक तीनच छापलेले: बटाटे, वनस्पती तेल, मीठ. शेजारणीकडे उपासाला सैंधवच लागते, आम्हा मराठी मंडळींना साधे मीठ चालते. तेलाचा मात्र प्रश्न होता; सासूबाईंना उपासाला शेंगदाण्याखेरीज दुसरे तेल चालत नाही. म्हणून त्याने एक चकती नुसती पाहायला त्यांच्या हातात दिली.

२०२१ मध्ये अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. बोलणेही तुटक झाले. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा त्या लाटांवरून हळूच फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

“आपली किसणी?”

लाकडी फळीची, नागमोडी पात्याची ती किसणी. एक चकती पाडली की बटाटा पाव फेरा फिरवायचा, मग पुढची. दोन्ही अंगांच्या लाटा एकमेकींना छेदतात आणि चकती पुरेशी पातळ असेल तर जाळी पडते. मग तुरटीचे पाणी, मिठाच्या पाण्यात एक उकळी आणि गच्चीवर जुन्या धोतरावर वाळवण. माझ्या चकत्या जाड पडत, जाळी साधत नसे. सासूबाई त्या निवडून बाजूला सारत आणि म्हणत, “या घरी खायला.” पाहुण्यांना आणि लेकींना द्यायच्या त्या त्यांच्या. तीस वर्षे मी हे ऐकले. त्या अंथरुणाला खिळल्यावर माळा आवरताना मी किसणी भंगारवाल्याला दिली. चुकून नव्हे. देताना मला सुटल्यासारखे वाटले होते.

“आई, मी ती देऊन टाकली,” मी म्हणाले.

त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी उजवी मूठ हवेत पाव फेरा फिरवली. पुन्हा एकदा. “आजी, पणजी बटाटा फिरवून दाखवते आहे,” नातू म्हणाला. माझ्या आधी त्याच्या लक्षात आले.

फाल्गुनात बर्तन बाजारातून नवी किसणी आणली. बटाटे पाच किलो, चिप्सोना जातीचे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ही जात दिली. तिच्यात साखर कमी, म्हणून तळताना चकती लाल होत नाही. मागच्या पडवीत सासूबाईंची खुर्ची ठेवली. मी चकती पाडली की त्यांची मूठ फिरे, मग मी बटाटा फिरवी. पहिल्या दोन किलोंच्या चकत्या जाडच पडल्या. उजव्या हाताने त्या एकेक सारत राहिल्या. “या घरी.”

मग एक चकती त्यांनी उन्हात धरली. पातळावर उजेडाचे ठिपके पडले. ती त्यांनी दुसऱ्या ताटात ठेवली.

पाच किलोंत तशा सतराच निघाल्या. वाळवून मी त्या वेगळ्या डब्यात भरल्या आणि डब्यावर नातवाचे नाव घातले.