धुराला वाट

निवृत्त माणसाने गावी जाऊन आंबे राखावेत. आमच्या बापूने थालीपीठांचे हॉटेल काढायचे ठरवले. आणि तेही मुंबईत, फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतीत! प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे बँकेत सुखात होते, ते त्याला बघवेना.

जागा दाखवणारा दलाल इतिहासाचा गाढा अभ्यासक निघाला. "साहेब, इथं जवळच वॉटसन्स हॉटेल होतं. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचा सिनेमा तिथंच दाखवला!" शेजारच्या सिनेमाचेही भाडे आमच्याकडूनच घ्यायचा त्याचा बेत दिसला. इमारतीचे वय शंभरावर, करार मात्र अकरा महिन्यांचा. बापूचे तिकडे लक्षच नव्हते. तो जिन्याच्या सागवानी कठड्यावरून हात फिरवत होता. मुलीला स्थळ पसंत पडल्यासारखा चेहरा!

"धूर कुठून काढायचा?" मी विचारले. (तव्याशी माझा संबंध खाण्यापुरता, पण नाक आहे.)

दलाल खाकरला. इमारत वारसा यादीतली. मुंबईत १९९५ पासून त्याची नियमावली आहे. दर्शनी भागाला हात लावायचा तर आधी परवानगी. मागून पाइप न्यावा, तर वर पागडीचे भाडेकरू, आणि त्यांच्या खिडक्या.

"थालीपीठ धुराशिवाय नाही का होत?" दलालाने अगदी मनापासून विचारले.

बापूने खिशातला अनामतीचा चेक चाचपला. "घरी बोलू नकोस हं," एवढेच म्हणाला.

मग आम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेलो. चहा येईपर्यंत बापू मान वर करून त्याचे धुराडे शोधत होता.