स्टेटस बदलण्याचा हक्क

इश्यू-ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक तिकिटाला एका वेळी एकच स्टेटस असते: नवे, सोपवलेले, काम चालू, तपासणीत, बंद. एका स्टेटसमधून कोणत्या स्टेटसमध्ये जाता येते, ते कोणी करायचे आणि त्याआधी कशाची पूर्तता हवी, या नियमांचा संच म्हणजे वर्कफ्लो. 1998 मध्ये आलेल्या बगझिलाने या अवस्था अनेक प्रोग्रामरांच्या अंगवळणी पाडल्या. 2002 मध्ये आलेल्या जिराच्या वापरातून पुढे प्रत्येक टीम आपापला वर्कफ्लो आखू लागली. आखताना बहुतेकांचा वेळ नावे ठरवण्यात जातो. स्टेटस बदलण्याचा हक्क कोणाकडे ठेवायचा, यावर मात्र क्वचितच चर्चा होते.

रेल्वेने ही चर्चा फार पूर्वी, अपघातांची किंमत मोजून, पुरी केली आहे. पूर्णा जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून हिंगोली-वाशिमकडे, पुढे अकोल्याला जाणारी लाइन इथून फुटते. अशा जंक्शनवर स्टेशनमास्तरचे काम म्हणजे दिवसरात्र स्टेटस सांभाळणे. दोन स्टेशनांमधल्या रुळांच्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. दुहेरी मार्गावरच्या पारंपरिक ब्लॉक उपकरणात त्याच्या तीनच अवस्था असतात: लाइन बंद, लाइन क्लिअर आणि गाडी लाइनवर. रोज गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या या यंत्रणेला तीन अवस्था पुरतात, ही गोष्ट पंधरा-वीस स्टेटसचे बोर्ड उभारणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

अवस्था थोड्या आणि नियम कडक, अशी ही रचना आहे. पूर्णेहून शेजारच्या चुडावा स्टेशनाकडे गाडी सोडायची असेल, तर ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत पूर्णेचा स्टेशनमास्तर स्वतःच स्वतःला लाइन क्लिअर देऊ शकत नाही. त्याने मागायची, चुडाव्याने द्यायची. ज्याच्या अंगावर गाडी येणार, त्याच्या हाती होकार. सॉफ्टवेअरमध्ये याच्या उलट चित्र सर्रास दिसते: प्रोग्रामर आपले काम उरकून तिकीट परस्पर ‘तपासणीत’ ढकलतो आणि तपासणाऱ्याला त्याचा पत्ता दोन दिवसांनी लागतो. तिकीट ज्याच्याकडे जायचे, त्याने ते ओढून घ्यावे, हा नियम वर्कफ्लोत बसवला की तुंबलेली कामे कुठे तुंबली आहेत ते लगेच दिसते.

गाडी पोहोचली हे इंजिन पाहून ठरत नाही. शेवटच्या डब्यामागची ‘एल.व्ही.’ची पाटी किंवा रात्री मागचा दिवा दिसला, म्हणजे गाडी पूर्ण आली अशी खात्री पटली, तरच सेक्शन मोकळा धरला जातो. मधेच कपलिंग तुटून चार वाघिणी मागे राहिल्या असतील, ही शक्यता नियम करणाऱ्यांनी गृहीत धरली होती. तिकीट बंद करताना नेमकी हीच पाटी पाहायची राहून जाते. कोड जोडला गेला हे इंजिन झाले. जुन्या नोंदींची दुरुस्ती, मदतपुस्तिकेतला बदल, तक्रार करणाऱ्याला कळवणे हे मागचे डबे. फोनवरच्या होकारालाही रेल्वे पुरावा जोडते. प्रायव्हेट नंबर सांगितला जातो आणि दोन्हीकडच्या वहीत वेळेसह उतरवला जातो. सिग्नलशी इंटरलॉक नसलेले फाटक बंद झाल्याचे गेटमनही असाच नंबर देऊन कळवतो.

दुरुस्तीचा वर्कफ्लो तर जवळजवळ तिकिटासारखाच चालतो. सिग्नल किंवा रूळ बदलणाऱ्या पॉइंटवर काम करण्याआधी सिग्नल विभागाचा कर्मचारी टी/351 या फॉर्मवर डिस्कनेक्शनची नोटीस देतो. स्टेशनमास्तर गाड्यांची स्थिती पाहून सही करतो किंवा थांबायला सांगतो. सही झाल्यापासून ते उपकरण नादुरुस्त धरले जाते, मग ते दिसायला कितीही ठाकठीक असो. काम संपल्यावर चाचणी होते, रिकनेक्शनची नोटीस येते, आणि स्टेशनमास्तरने ती स्वीकारल्यावरच उपकरण पुन्हा वापरात येते. दुरुस्त करणारा आणि स्वीकारणारा कधीच एक नसतो. बगझिलाने ‘सोडवले’ आणि ‘पडताळले’ या अवस्था वेगळ्या ठेवल्या, त्यामागे हेच शहाणपण आहे. वेळ वाचवायला या दोन्ही एकत्र करणाऱ्या टीम पुढे तोच वेळ दुप्पट खर्च करतात.

ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर 2 जून 2023 रोजी कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला, पॉइंट मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. तिथे मालगाडी उभी होती. त्या अपघातात 290 हून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलांतल्या आणि फाटकाच्या बॅरियरचे काम करतानाच्या त्रुटी हे कारण चौकशीतून पुढे आले. दाखवलेली स्थिती आणि खरी स्थिती यांची फारकत किती महाग पडते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये जीव सहसा जात नाहीत, पण रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या यंत्रणेतले खोटे ‘बंद’ कोणाला ना कोणाला भोगावे लागतेच.

उरलेल्या बाबी थोडक्यात. ‘थांबलेले’ या स्टेटसला कारण आणि पुन्हा पाहण्याची तारीख सक्तीची करावी, नाहीतर ते अडगळीची खोली बनते. तिकीट बंद झाले हे स्टेटस. ते सुटले, दुबार निघाले की करायचे नाही असे ठरले, हा निकाल. तो वेगळ्या रकान्यात ठेवावा. त्यासाठी तीन निरनिराळी स्टेटस काढू नयेत. बंद तिकीट पुन्हा उघडण्याची वाट मोकळी असावी आणि उघडताना क्रमांक तोच राहावा, म्हणजे आधीचा इतिहास हाताशी राहतो. एखादे स्टेटस काढून टाकायचे असेल, तर त्यातली तिकिटे कोणत्या स्टेटसमध्ये जातील हे आधी ठरवावे लागते. जिरा तर ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.