रातकिडा

पहाटे तीनच्या सुमारास मी बॅटरी घेऊन कपाटामागे रातकिडा शोधत होतो. आठवडाभर ताप आणि छातीतून येणारा खोकला, त्यातून उठून जेमतेम दोन दिवस झालेले. त्यामुळे बायको जागी झाली ती आधी माझं कपाळ बघायला.

"काय शोधताय?"

"किडा. तुला ऐकू येत नाहीये?"

तिने बराच वेळ कान देऊन ऐकलं. "काही नाही हो. झोपा."

मी फ्रीज बंद करून आलो. इन्व्हर्टरपाशी वाकून ऐकलं. शेवटी वैतागून दोन्ही कानांत बोटं घातली, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. किडा घरात नव्हता, माझ्यात होता.

सुरुवातीला मी निर्धास्त होतो. सर्दीत कानाला दडे बसतात, तसंच काही असेल. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी एक साडेतीन सेंटिमीटरची नळी असते. आवंढा गिळला, जांभई दिली की ती क्षणभर उघडते आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करते. सर्दीने ती सुजली की बाहेरचं सगळं दबकं ऐकू येतं आणि आतलं मोठं. घाटात गाडी चढताना होतं तेच, फक्त घाट पंधरा दिवसांचा. वाफ घेतली, दडे सुटले, बायकोचं बोलणं पुन्हा स्पष्ट ऐकू यायला लागलं. किडा मात्र राहिला.

शेजारच्या काकूंनी लसणीचं तेल सुचवलं. ते टाळून मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. "बारीक जरी आवाज आला, तरी दाबायचं." सुरुवातीचे खर्जातले आवाज सोपे होते. पुढे स्वर चढत गेले आणि माझी पंचाईत झाली. यंत्राचा कुठला आणि माझा कुठला, हे कळेना. मी आपला दाबत राहिलो. काचेपलीकडच्या मुलीने दार उघडून विचारलं, "काका, मी काहीच वाजवलं नाहीये, तुम्ही कशाला दाबताय?"

आयुष्यात इतकं ओशाळं वाटल्याचं आठवत नाही. खोटं तर बोललो नव्हतो.

वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक कानाच्या शंखात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात आणि गेलेली केसपेशी माणसात परत येत नाही. आजाराने दुखावल्या की वयाने झिजल्या होत्या, हे सांगणं अवघड. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपणच आवाज वाढवून बसतो, असं मानतात. रिकाम्या स्टेशनवर रेडिओ मोठा केला की खरखर येते, तसं.

हे दुखणं नवं नाही. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यात कर्णनाद आहेच. हठयोगाच्या ग्रंथांत साधकाला आत भ्रमर, बासरी, वीणा ऐकू येतात. त्यांना बासरी, मला कुकरची न संपणारी शिट्टी! साधना कमी पडली, दुसरं काय. बेड्रिख स्मेताना या चेक संगीतकाराने मात्र बहिरेपणाच्या आधी कानात वाजलेला तीव्र स्वर 1876 मध्ये आपल्या एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर आणून ठेवला. त्याचा मला हेवा वाटतो. त्याचा आवाज निदान दुसऱ्या कुणाला तरी ऐकवता आला. ताप थर्मामीटरवर दाखवता येतो, खोकला शेजाऱ्यांनाही कळतो. याचा पुरावा काय देणार?

डॉक्टरांनी जाताना दोन गोष्टी बजावल्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेल-वाफेत दिवस न घालवता त्याच दिवशी यायचं, कारण उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. आणि रात्री खोली अगदी शांत ठेवायची नाही.

त्यामुळे पुण्याच्या ऐन थंडीतही आमच्याकडे रात्री पंखा चालू असतो. बायको दोन गोधड्या घेऊन झोपते.