रामशेजवरचे ढग

मैलापूरमध्ये चढ शोधावा लागतो. समुद्र जवळ, रस्ते सपाट. फ्लायओव्हर हाच आमचा घाट! म्हणून फेब्रुवारीत नाशिकला मावशीकडे गेले, तेव्हा मावसभावाची माउंटन बाईक घेऊन रामशेजला निघाले. तुम्हीही जा. पायथ्याचं आशेवाडी शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर आहे. चढ आला की गिअर हलका करा, उभं राहून पेडल मारू नका. सायकल गावातच ठेवा, पुढे पायऱ्या आहेत.

१६८२ पासून कित्येक वर्षं मुघलांना दाद न देणारा हा गड. वरून दिंडोरीकडचे द्राक्षमळे दिसतात. नाशिकचं नाव वाइनसाठी गाजतं, पण मळ्यांत जास्त करून खायचीच द्राक्षं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. मला बरं वाटलं. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईत टँकरसमोर घागरी लावलेल्या आम्हाला ढग दिसला की हात जोडावेसे वाटतात. खाली उतरले तर एक बागायतदार काका बांधावर उभे राहून तेच ढग बघत होते. काढणीच्या दिवसांत पाऊस झाला की मण्यांना तडे जातात, वर्षाची मेहनत वाया.

मी चेन्नईची म्हटल्यावर काका म्हणाले, “मग जाताना हे घेऊन जा, पोरी.”